न विचारलेला जोडीदार

१९७८ साली अमेरिकेत सुखाविषयीचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढची अनेक वर्षं जगभर त्याचे दाखले दिले गेले. फिलिप ब्रिकमन, डॅन कोट्स आणि रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञांनी तीन प्रकारच्या माणसांना गाठलं. लॉटरीत घसघशीत रक्कम जिंकलेले २२ जण, अपघातात मणक्याला मार बसून कायमचं अपंगत्व आलेले २९ जण आणि यातलं काहीच न घडलेले २२ सर्वसाधारण लोक. लॉटरीवाले इतरांहून फार सुखी निघाले नाहीत. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण बाहेरच्याला वाटेल तितके खचलेले नव्हते. सुखाच्या मोजपट्टीवर त्यांनी स्वतःला मध्याच्या थोडं वरच ठेवलं होतं. माणूस कशालाही सरावतो, असा या अभ्यासाचा अर्थ लावला गेला आणि तो लोकांना पटला.

या २९ जणांच्या घरच्या माणसांना मात्र कुणी काही विचारलं नाही. सकाळी त्यांना उठवून खुर्चीत बसवणारं, लघवीची पिशवी रिकामी करणारं, बिलं भरायला आणि औषधं आणायला धावणारं माणूस त्या अभ्यासात कुठेच नव्हतं.

जोडप्यातल्या एकाला अपंगत्व आलं की दुसऱ्याच्या सुखाचं काय होतं, हे विचारणंही आपल्याकडे अनेकांना अप्रशस्त वाटतं. पक्षाघात झालेल्या नवऱ्याची विचारपूस करायची सोडून धडधाकट बायकोला ‘तू सुखी आहेस का’ असं कोण विचारणार? आणि विचारलंच तर ती काय सांगणार? ‘चाललंय, देवाच्या दयेने’ एवढंच. तरी हा प्रश्न विचारायला हवा. जो शुश्रूषा करतो त्याचं जगणं आटलं, की ज्याची शुश्रूषा होते त्याचंही आटत जातं.

सराव होतो, पण किती?

सरावाच्या कल्पनेला पुढे मोठ्या सर्वेक्षणांनी मुरड घातली. जर्मनीत १९८४पासून आणि ब्रिटनमध्ये १९९१पासून हजारो कुटुंबांना दरवर्षी तेच प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यात आयुष्याबद्दल समाधानी आहात का, हाही प्रश्न असे. त्यामुळे अपंगत्व येण्याआधी माणूस किती समाधानी होता आणि आल्यावर पाच-सात वर्षांनी किती, हे त्याच माणसाच्या उत्तरांवरून ताडून पाहता आलं. रिचर्ड लुकास या मानसशास्त्रज्ञाने २००७मध्ये दोन्ही देशांची आकडेवारी तपासली. समाधान एकदा घसरलं की ते फारसं वर येत नाही, असं त्याला दिसलं. अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि निक पाउडथवी या अर्थशास्त्रज्ञांचं २००८चं उत्तर थोडं आशादायक होतं. अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार सुमारे ३० ते ५० टक्के घसरण काळाबरोबर भरून येते, असं त्यांनी मांडलं. म्हणजे सराव होतो, पण पुरता होत नाही.

या सर्वेक्षणांत घरातल्या सगळ्या प्रौढांना प्रश्न विचारले जात, म्हणून नवरा-बायकोची उत्तरं शेजारी ठेवून वाचता येतात. पाउडथवी यांनी तशी वाचली. लग्नाच्या जोडीदाराचं समाधान वाढलं की आपलंही वाढतं आणि त्याचं घटलं की आपलंही घटतं, असा संबंध त्यांना आढळला. एकाच्या मणक्याला बसलेला मार दोघांच्याही आयुष्यात उतरतो, असंच यातून म्हणावं लागतं.

आता आपल्याकडचं. २०११च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातले जवळपास २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१८मध्ये अपंग व्यक्तींना एक नेमका प्रश्न विचारला होता. तुमची काळजी घेणारं माणूस आहे का? ६२.१ टक्क्यांनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. ३७.७ टक्क्यांना तशी गरज नव्हती. गरज आहे पण माणूस मिळत नाही, असं म्हणणारे होते अवघे ०.३ टक्के.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. ज्या देशात घरी येणाऱ्या परिचारिकेचा खर्च बहुसंख्यांना परवडत नाही, सरकारी मदतनीस जवळजवळ नाहीत, तिथे काळजीवाहू माणूस न मिळण्याची तक्रारच नसावी? माणूस मिळतं, कारण ते घरातच असतं. बहुतेक घरांत ती आई असते नाहीतर बायको, आणि तिने हे काम पत्करलं का, असं तिला कुणी विचारलेलं नसतं.

दर दोन तासांनी कूस

मणक्याची इजा झालेल्या माणसाची कूस अंथरुणात साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर एकाच जागी दाब येऊन कातडी मरते आणि बेडसोअर होतात. संवेदना नसल्याने जखम झाल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. मूत्राशयावर ताबा नसेल तर दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची. हे दिवसा जमतं. रात्री मात्र याचा अर्थ इतकाच, की पलीकडे झोपलेल्या माणसाला सलग झोप नाही. आज नाही, उद्या नाही, सणावारी नाही.

पक्षाघातात आणखी एक गोष्ट हिरावली जाते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, की पुष्कळदा बोलणं जातं किंवा अडखळतं. समोरच्याचं बोलणं कळतं, उत्तर मनात तयार असतं, शब्द मात्र ओठांवर येत नाही. तीस वर्षं संध्याकाळच्या चहाबरोबर गप्पा मारणाऱ्या बायकोचा श्रोता समोरच बसलेला असतो, पण संवाद संपलेला असतो. स्मृतिभ्रंशात तर माणूसच हळूहळू परका होत जातो. अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांपासून त्यांनी सुरुवात केली होती. नवरा मेला असं म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही. मग हाच पेच त्यांना स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या जोडीदारांत दिसला. इथे शोक करायची मुभा नाही, कारण माणूस जिवंत आहे. तेरावं नाही, सांत्वनाला येणारं कुणी नाही.

या ताणाचे परिणाम शरीरावर मोजताही येतात. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक लहानशी, साडेतीन मिलिमीटरची जखम केली. तशीच जखम त्यांच्याच वयाच्या, शुश्रूषेचा भार नसलेल्या १३ स्त्रियांच्या हातावर केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास आला. त्यांनी वयस्क जोडप्यांवर चार वर्षं नजर ठेवली होती. जोडीदाराची काळजी घेता घेता ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला.

पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि तिची चर्चा कमी झाली. काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे घातक ठरतो तो ताण. जोडीदाराला भरवणं, उठवणं, आंघोळ घालणं माणसाला संपवत नाही.

२०१०मध्ये मायकेल पुलिन, स्टेफनी ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी हे आणखी बारकाईने पाहिलं. शुश्रूषा करणाऱ्या ७३ जोडीदारांकडे त्यांनी हातात मावेल असं एक यंत्र दिलं. ते दिवसातून अनेकदा वाजायचं. वाजलं की त्या क्षणी आपण काय करतोय आणि मन कसं आहे, ते नोंदवायचं. प्रत्यक्ष काही मदत करताना, म्हणजे औषध देताना, भरवताना, या माणसांची मनःस्थिती उलट बरी असे. ती खालावत असे ती नुसती वाट पाहत बसण्याच्या वेळी. काही लागलं तर असावं म्हणून घरात अडकून पडलेल्या तासांत.

हे वाचलं की अनेक मराठी घरांतलं एक वाक्य वेगळ्या अर्थाने कानावर येतं. ‘करायला काही फार नसतं हो, पण बाहेर पडता येत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं, फार काम नाही म्हणजे बरंच चाललंय. खरं दुखणं वाक्याच्या दुसऱ्या भागात असतं. भिशी सुटते, भजनी मंडळ सुटतं, मुंबईतल्या बाईचा लोकलचा ग्रुप सुटतो, नोकरी सुटते. घरातलं काम दोन तासांचं असलं तरी पहारा चोवीस तासांचा असतो.

बायको आजारी पडते तेव्हा

भार कुणाच्या वाट्याला येतो, हा नुसता योगायोगाचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं काम १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. यात मुलांचं संगोपनही धरलेलं आहे. नवरा अंथरुणाला खिळला, तर या आधीच भरलेल्या दिवसात शुश्रूषेची भर पडते. बायको खिळली, तर घरात दोन पोकळ्या निर्माण होतात. तिची काळजी कोण घेणार आणि ती करत असलेली कामं कोण करणार? मग सासू, नणंद, मोठी मुलगी, कधी तिची माहेरची माणसं धावून येतात.

नवरे सोडून जातात का? या प्रश्नावर परदेशात बरंच लिहिलं गेलं आहे आणि ते जपून वाचायला हवं. मायकेल ग्लांट्झ आणि सहकाऱ्यांचा २००९चा अभ्यास सगळ्यात जास्त उद्धृत होतो. मेंदूची गाठ, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले ५१५ विवाहित रुग्ण त्यात होते. रुग्ण स्त्री असेल तर २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली आणि रुग्ण पुरुष असेल तर २.९ टक्के. पण २०१५मध्ये अमेलिया कॅराकर आणि केंझी लेथम यांचा एक शोधनिबंध आला. बायको गंभीर आजारी पडली की घटस्फोट वाढतो, असं तो सांगत होता. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. काही महिन्यांतच दुसऱ्या संशोधकांना तीच आकडेवारी जुळेना. चूक संगणकाच्या नोंदीत निघाली. सर्वेक्षण मध्येच सोडून गेलेल्या लोकांची गणना घटस्फोटितांत झाली होती. लेखिकांनी स्वतःच निबंध मागे घेतला आणि दुरुस्त करून पुन्हा छापला. दुरुस्तीनंतर तो परिणाम फक्त हृदयविकारापुरता उरला.

म्हणजे नवऱ्यांना सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला पुरावा पुरेसा नाही. त्यातून भारतात घटस्फोटांचं प्रमाणच कमी असल्याने दुरावा मोजण्याचं ते माप इथे लागू पडत नाही. आपल्याकडे बाई माहेरी पाठवली जाते, कागदावर संसार चालू राहतो.

कायद्याने या दुराव्याला अनेक वर्षं हातभारही लावला. हिंदू विवाह कायदा १९५५चा. जोडीदाराला कुष्ठरोग झाला, हे त्यात घटस्फोटाचं एक कारण होतं. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आले, कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कलम तसंच राहिलं. ते २०१९मध्ये निघालं, तेही एकदम पाच वैयक्तिक कायद्यांतून. मनोविकाराचं कारण अजून कायद्यात आहे, पण न्यायालयांनी त्याला लगाम घातला आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१३मध्ये एका डॉक्टर दांपत्याचा खटला आला. बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून नवऱ्याने घटस्फोट मागितला होता. उपचारांनी ताब्यात राहणाऱ्या आजाराचं नुसतं नाव घटस्फोटाला पुरत नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने घटस्फोट नाकारला.

तीन संसार

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३मध्ये वयाच्या २१व्या वर्षी मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं निदान झालं. थोडीच वर्षं हाती आहेत, असं डॉक्टरांचं मत होतं. १९६५मध्ये जेन वाइल्ड यांनी हे सगळं माहीत असूनही त्यांच्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. स्टीफन यांचं शरीर एकेक हालचाल गमावत गेलं. १९७४पर्यंत ते स्वतःच्या हाताने जेवत आणि अंथरुणात चढ-उतार करत होते. पुढे तेही गेलं. बाहेरची मदत घ्यायला त्यांचा विरोध असे, म्हणून कपडे घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं जेनवर येऊन पडलं. पुढे त्यांचे संशोधक विद्यार्थी घरी राहून मदत करू लागले. या सगळ्यात जेन यांनी मध्ययुगीन स्पॅनिश काव्यावर आपली पीएचडी पुरी केली. १९८५मध्ये जिनिव्हात स्टीफन यांना न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी श्वासयंत्र बंद करण्याचा पर्याय सुचवला. जेननी तो नाकारला. गळ्याला छेद द्यावा लागला, बोलणं कायमचं गेलं. अमेरिकेतल्या एका संस्थेच्या अनुदानातून घरी चोवीस तास परिचारिका आल्या. जिवाला जीव देऊन वाचवलेला नवरा घरात होता, पण घर आता खाजगी राहिलं नव्हतं. १९९०मध्ये दोघं वेगळी झाली, १९९५मध्ये घटस्फोट झाला. नंतरच्या काळात त्यांच्यात पुन्हा मैत्रीचा धागा जुळला. जेन यांनी हे सगळं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत लिहिलं, तेव्हा काहींनी नाक मुरडलं. थोर माणसाच्या बायकोने आपला थकवा सांगू नये, अशी अपेक्षा फक्त आपल्याच देशात नसते.

नट ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी घोड्यावरून पडले आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता. पत्नी डेना गायिका आणि अभिनेत्री. २००४मध्ये रीव्ह गेले, तोपर्यंतची नऊ वर्षं ती त्यांच्यासोबत राहिली आणि तिने आपलं कामही सोडलं नाही. घरी परिचारिकांची पाळी होती, पैसा होता, नाव होतं. बहुतेकांकडे हे नसतं याची तिला जाणीव होती. मज्जारज्जूच्या उपचारांच्या संशोधनासाठी नवऱ्याने उभ्या केलेल्या संस्थेत तिने वेगळा विभाग सुरू करायला लावला. त्यातून रॅम्प, खुर्च्या, खेळ, शुश्रूषा करणाऱ्यांना विश्रांती अशा आजच्या गरजांसाठी अनुदानं दिली जाऊ लागली. २००६मध्ये, अवघ्या ४४व्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने डेना गेली.

तिसरा संसार आपला. बाबा आमटे आणि साधनाताईंचं लग्न १९४६चं. कुष्ठरुग्णांसाठी उभारलेली महारोगी सेवा समिती १९४९ची. पुढे मणक्याच्या आजाराने बाबांना बसता येईनासं झालं. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच शक्य होतं. १९८५मध्ये ‘भारत जोडो’ यात्रेत कन्याकुमारीहून तरुण सायकलींवर निघाले, तेव्हा बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. १९९०मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. साधनाताई तिथेही बरोबर होत्या. त्यांचं ‘समिधा’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. या जोडीकडे आपण त्यागाचं उदाहरण म्हणून बघतो. त्यातली एक व्यावहारिक गोष्ट मात्र सुटून जाते. साधनाताई बंद दाराआड एकट्या नव्हत्या. समितीच्या आनंदवनात अवतीभवती शेकडो हात होते, सुना-मुलं होती, कार्यकर्ते होते. बाबांचं शरीर थकलं तरी त्यांचं म्हणणं रोज घेतलं जात होतं. एकाचा मणका मोडला तरी दोघांचं काम चालू होतं. आणि याच आनंदवनात, कायदा कुष्ठरोगाला घटस्फोटाचं कारण मानत होता त्या काळात, बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची लग्नं लागत होती, संसार उभे राहत होते.

तीन संसारांत प्रेम कमी-जास्त होतं का, हे बाहेरच्याने सांगू नये. तिन्हींत फरक दिसतो तो हातांचा, पैशाचा आणि मोकळ्या तासांचा.

घेणारा नुसताच घेत नसतो

अपंगत्व आलेल्या जोडीदाराची बाजू या चर्चेत ओझं म्हणूनच येते, हे अन्यायाचं आहे. गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी १९९९च्या अभ्यासासाठी मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ५४ टक्क्यांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. पण ज्याला जगण्यातलं काही देता येतं, काही ठरवता येतं, त्याचं समाधान टिकतं.

म्हणून घरात कामं पुन्हा वाटून घेताना ‘तुम्ही काही करू नका, पडून राहा’ हे वाक्य मायेचं असलं तरी घातक ठरतं. एका हाताने भाजी निवडता येते. फोनवरून वीजबिल भरता येतं, मुलांचा अभ्यास घेता येतो, गॅस सिलिंडरचा नंबर लावता येतो, नातेवाइकांशी बोलायचं जबाबदारीचं काम घेता येतं. विशेषतः पुरुषाचं कमावणं थांबतं तेव्हा त्याचा जीव पैशाइतकाच या रिकामपणाने कोंडतो आणि तो राग बहुतेक वेळा सगळ्यात जवळच्या माणसावर निघतो.

शरीरसुखाबद्दल तर दोघंही बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मणक्याच्या इजेनंतरही जवळीक शक्य असते, औषधं आणि उपाय असतात, मूल होण्याचे मार्ग असतात. पण रुग्णालयातून सोडताना कॅथेटर, औषधांच्या वेळा, फिजिओथेरपी एवढंच सांगितलं जातं. दिवसभर सिस्टरचं काम करणाऱ्या बाईला रात्री बायको होणं जमत नाही, हे अनेकींनी अनुभवलेलं असतं. आंघोळ, डायपर आणि नळ्या यांच्यासाठी दिवसातले दोन तास जरी बाहेरचं माणूस आलं, तरी नवरा-बायकोला पुन्हा नवरा-बायको म्हणून शेजारी बसायला जागा होते. ब्यूरोतून येणाऱ्या मावशींमुळे मिळणारा हा लाभ कुठल्याच बिलावर लिहिलेला नसतो.

हात कुठून येतील

महाराष्ट्रात यावर काहीच झालं नाही, असं नाही. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया होता. परक्या देशात, मनोविकार लपवण्याच्या त्या काळात, त्यांनी हा संसार निभावला. मग आपल्यासारख्या इतरांसाठी १९९७मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. याच आजारावरचा ‘देवराई’ हा २००४चा चित्रपट त्यांच्या पुढाकारातून झाला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९०मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमध्ये शुभार्थी म्हणजे रुग्ण आणि शुभंकर म्हणजे त्यांची माणसं, अशी दोघांचीही दखल घेतली जाते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात तर जोडपी जोडीनेच येतात. पार्किन्सन्समध्ये हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, पाऊल उचलत नाही. नवरा रागावलाय की आजारामुळे त्याचा चेहरा तसा दिसतोय, हे बायकोला दुसऱ्या शुभंकराकडून कळतं, तेव्हा घरातलं एक भांडण कायमचं मिटतं. अमेरिकेत मॅगी स्ट्राँग यांच्या पुस्तकाच्या निमित्ताने १९८८मध्ये निरोगी जोडीदारांची अशीच एक संघटना उभी राहिली. आपल्याकडे असे गट प्रामुख्याने पुणे-मुंबई-ठाण्यात आहेत. हिंगोलीत, गडचिरोलीत, कणकवलीत पक्षाघात झालेल्याच्या बायकोने कुठे जावं?

पैशाचं काय? ब्रिटनने १९७६मध्ये घरी शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता सुरू केला, पण नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. त्या तशाही घरीच असतात, हा त्यामागचा तर्क. आईची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहितेने त्याविरुद्ध दाद मागितली. युरोपीय न्यायालयाने १९८६मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि विवाहित स्त्रियांना भत्ता मिळू लागला. केरळने २०१०मध्ये ‘आश्वासकिरणम’ योजना आणली. तीव्र अपंगत्व असलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिन्याला ठरावीक रक्कम. रक्कम लहान आहे, पण हे काम आहे आणि ते कुणीतरी करतं, याची नोंद सरकारच्या वहीत झाली. भारताच्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, कलम २४मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. ती योजना म्हणून राबवणं राज्यांच्या हाती आहे. महाराष्ट्राने २०१४मध्ये अपंग आणि अपंगत्व नसलेल्या व्यक्तींच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून साहाय्य सुरू केलं. तेव्हा रक्कम ५०,००० रुपये होती. हे साहाय्य लग्नाच्या वेळी एकदा मिळतं. लग्नानंतर वीस वर्षांनी ज्या घरात अपंगत्व येतं, त्या घराला या योजनेचा उपयोग नाही.

काही गोष्टींना सरकारची वाट पाहावी लागत नाही. चाकांच्या खुर्चीला ९० सेंटिमीटरचा दरवाजा लागतो आणि रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा लागतो. जुन्या घरांतल्या न्हाणीघरांची दारं याहून बरीच अरुंद असतात. एक दार रुंद केलं, कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवला, तर नवऱ्याला उचलून नेण्याचं काम थांबतं आणि बायकोची कंबर वाचते. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या पायरीजवळ रॅम्प मागितला, तर दोघांना संध्याकाळी खाली उतरता येतं.

रुग्णालयांनाही घरी सोडण्याच्या दिवशी आणखी चार गोष्टी विचारता येतील. रात्री कूस कोण बदलणार? शुश्रूषा करणाऱ्या बायकोची सुट्टी कधी? तिचा रक्तदाब कुणी तपासला? नोकरी असेल तर ती कशी टिकवणार? रुग्णाच्या कागदावर जोडीदाराच्या नावाने एक रकाना असला, तर महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांची नजर त्याच्याकडेही वळेल.

आणि नातेवाईक, शेजारी. पहिल्या महिन्यात घरी माणसांची रीघ लागते. फळांच्या पिशव्या येतात. ‘कसे आहेत आता?’ हा प्रश्न दाराशीच विचारला जातो आणि चहा करायला तीच उठते. सहा महिन्यांनी कुणी फिरकत नाही, नेमकं तेव्हाच माणूस हवं असतं. भावाने दर रविवारी दुपारी दोन ते सहा घरी थांबायचं, वहिनींना मैत्रिणीकडे नाहीतर नाटकाला जाऊ द्यायचं. पुतण्याने महिन्यातून एक रात्र तिथे झोपायला जायचं आणि कूस कशी बदलतात, ते आधी शिकून घ्यायचं. शेजारच्या काकूंनी रुग्णाशी पत्ते खेळायला बसायचं, म्हणजे त्यालाही रोजच्यापेक्षा वेगळा चेहरा दिसतो. यासाठी ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हटलं की विचारायची जबाबदारी पुन्हा तिच्यावरच येते, आणि ती विचारत नाही.